सशाच्या केसाची साक्ष

कर्जत आणि श्रीगोंदा तालुक्यांच्या शिवेवरील एका माध्यमिक शाळेतले विज्ञानशिक्षक दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी घेऊन माझ्याकडे आले. पुडीत मूठभर केस होते. गावातल्या एका शेतकऱ्याचे भुरे करडू नाहीसे झाले होते. शोधाशोध करताना उसाच्या फडालगतच्या माळावर हे केस विखुरलेले सापडले. बाजूला रक्ताचा एखादा डाग, बाकी काही नाही. बिबट्याने करडू नेले आणि हे त्याचेच केस, असे गावाने ठरवून टाकले. पिंजरा लावण्याची मागणीही सुरू झाली. वर्गातल्या मुलांचे मात्र एकमत होईना. कोणी करडू म्हणे, कोणी मांजर, कोणी ससा. "केसावरून प्राणी ओळखता येतो असं मुलांना सांगून बसलोय, मॅडम. पण कसा ओळखतात ते मला तरी कुठे माहीत आहे!" सर हसत म्हणाले. वनरक्षकाला दाखवून, त्याच्या संमतीनेच त्यांनी ही पुडी आणली होती.

दुपारभरात उत्तर मिळाले. केस करडाचे नव्हते, सशाचे होते. पण त्यानंतर सरांनी जे प्रश्न विचारले त्यांनी मला अधिक विचार करायला लावला. ससा म्हणजे पाळलेला की रानातला? रानातला असेल तर आपल्याकडचाच, हे कशावरून? राजस्थानातल्या किंवा लडाखमधल्या सशाचा केस असाच दिसेल का? आणि या केसांवरून बिबट्याबद्दल काय म्हणता येईल? या लेखात या प्रश्नांचा मागोवा घ्यायचा आहे. केस पुष्कळ सांगतो हे खरे. पण तो कुठे बोलायचा थांबतो, हे माहीत नसले तर आपण आपल्याच मनातले उत्तर त्याच्या तोंडी घालतो.

केसाची घडण

केस ही मृत वस्तू आहे. जिवंत असते ते त्वचेतले त्याचे मूळ. वर दिसणारा भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट जखडलेले असतात. केस जळताना येणारा उग्र वास या गंधकाचाच. या बंधांमुळे पोटातल्या पाचकरसांना केस पचवता येत नाही. मांस विरघळते, हाडांचा बराच भुगा होतो, केस मात्र जसाच्या तसा विष्ठेतून बाहेर पडतो. मांसाहारी प्राण्याने काय खाल्ले हे त्याच्या विष्ठेवरून सांगता येते ते यामुळेच.

केसाचा आडवा छेद शिसपेन्सिलीच्या छेदासारखा असतो. बाहेर रंगाचा पातळ थर, मग लाकूड, मध्ये शिसे. केसातही बाहेर पारदर्शक खवल्यांचे आवरण, त्याच्या आत रंगकण असलेला घट्ट थर आणि मधोमध गाभा. खवल्यांची टोके नेहमी केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. याचा पडताळा वर्गात एका मिनिटात घेता येतो. एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून बोटे एकमेकांवर घासा. केस एकाच दिशेने, मुळाच्या बाजूने, सरकत जाईल. लोकर भिजून आटते ती याच खवल्यांमुळे. ते एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत.

ओळख पटवण्यासाठी सर्वांत उपयोगी पडतो तो गाभा. माणसाच्या केसात गाभा फार बारीक, बहुधा तुटक असतो, कधी नसतोच. त्याची रुंदी केसाच्या जाडीच्या एकतृतीयांशाहून कमी भरते. बहुतेक प्राण्यांत ती निम्मी किंवा त्याहून जास्त असते. केस माणसाचा की जनावराचा, हा प्रश्न न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बऱ्याचदा एवढ्या मापानेच सुटतो.

सशाच्या राठ केसात गाभ्याने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली असते. हवेने भरलेल्या चौकोनी कप्प्यांच्या अनेक रांगा शेजारी शेजारी उभ्या असतात. मक्याचे कणीस सोलून हातात धरावे, हुबेहूब तसे दृश्य. एकदा पाहिले की विसरत नाही. याउलट हरणाच्या केसात गाभ्याचे जाळे मधमाशांच्या पोळ्यासारखे दिसते. मांजराच्या आणि कुत्र्याच्या केसात कणसासारख्या सरळ रांगा नसतात. मेंढीच्या बारीक लोकरीत गाभा मुळीच नसतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, म्हणून तिच्यात गाभा असलेले केसही पुष्कळ सापडतात. शेळीच्या केसात गाभा रुंद असतो, पण त्यात कणसाच्या दाण्यांसारखी रचना नसते. सरांनी आणलेल्या केसांचा निकाल लागला तो या जागी.

हे सारे राठ केसांबद्दल. सशाच्या अंगावर दोन तऱ्हेचे केस असतात. वर दिसणारे लांब, राठ, टोकाकडे किंचित चपटे केस पाऊस-धूळ अडवतात. त्यांच्याखाली दाट, नागमोडी, मऊ लव असते. माणसाचा केस सुमारे ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो, तर सशाची लव जेमतेम १५ ते २० मायक्रॉन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) या लवेत गाभ्याची एकच रांग मावते आणि ती शिडीसारखी दिसते. उंदरा-घुशींच्या बारीक केसांतही अशीच शिडी असते. पीएच.डी.चे काम सुरू केले तेव्हा एका आठवड्यात मी सात-आठ काचपट्ट्यांवर 'उंदीर' अशा चिठ्ठ्या लावून मोकळी झाले होते. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, "राठ केस पाहिलेस का?" पाहिले नव्हते. पुन्हा शोधल्यावर प्रत्येक नमुन्यात कणीस निघाले. तेव्हापासून लवेवरून निष्कर्ष काढायचा नाही, हा नियम मी कधी मोडलेला नाही.

राठ केसाचा आडवा छेद घेतला तर आणखी एक खूण मिळते. सशाच्या केसाचा छेद गोल नसून मध्ये चिमटलेला, व्यायामाच्या डंबेलसारखा दिसतो. मुळाजवळचे खवले कोन करून बसवलेल्या कौलांसारखे असतात. कणीस, चिमटलेला छेद आणि कोनाकृती खवले या तीन गोष्टी जुळल्या की केस सशाच्या कुळातला आहे असे निःशंकपणे म्हणता येते.

आपल्या देशात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत कोप्पीकर आणि सबनीस ही नावे घ्यावी लागतील. भारतीय सस्तन प्राण्यांच्या केसांची ओळख हा त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०१० मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने राठ केसांवरून प्रजाती ओळखण्याचा सचित्र संदर्भग्रंथ काढला. आज कोणी केस घेऊन आले की प्रथम उघडायचा तो हाच.

एक शब्द, दोन प्राणी

आता सरांचा दुसरा प्रश्न. पाळीव की रानटी?

येथे मराठी भाषा थोडी आडवी येते. पिंजऱ्यात पाळतात तो आणि माळावर पळतो तो, दोघांनाही आपण ससाच म्हणतो. प्रत्यक्षात हे दोन निराळे प्राणी आहेत. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचे. शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. हा प्राणी रानटी अवस्थेत भारतात कोठेही नाही. आपला रानससा लेपस या प्रजातिगटातला. एकाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे, दुसऱ्याच्या ४८. दोघांचा संकर होत नाही.

राहणीही वेगळी. पाळीव सशाचे रानटी भाऊबंद जमिनीत बिळे करून कळपाने राहतात. त्यांची पिल्ले महिन्याभरात जन्मतात ती उघडी, डोळे मिटलेली. रानससा बीळ करत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुंध्याशी अंगाच्या आकाराचा उथळ खळगा करून दिवसभर त्यात दबून बसतो आणि संध्याकाळी चरायला निघतो. त्याची पिल्ले सुमारे सहा आठवड्यांनी जन्मतात; तेव्हाच अंगावर केस असतात आणि डोळे उघडे असतात. बिळाचा आडोसा नसलेल्या पिल्लाला दुसरा मार्गच नाही. चित्रातला ससा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा असतो. तो पाळीव सशाचा रंगहीन वाण. डोळ्यांत रंगद्रव्य नसल्याने आतले रक्त दिसते. ससा बिळात राहतो आणि पांढरा असतो, असे उत्तर लिहिणारे मूल ज्या गावातून शाळेत येते त्या गावच्या गायरानात भुरा, बीळ न करणारा ससा बसलेला असतो. याचा दोष मुलाला देता येत नाही.

केसावरून हे दोघे ओळखू येतात का? पांढऱ्या पाळीव सशाचा केस ओळखू येतो, कारण त्यात रंगकणच नसतात. पण पाळीव सशांत भुऱ्या रंगाचे वाणही आहेत. त्यांच्या केसात तेच कणीस आणि तोच चिमटलेला छेद. लांबी-जाडीची मापे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी नुसत्या सूक्ष्मदर्शकावर विसंबून कोणी ठाम मत दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये. ही बाब केवळ पुस्तकी नाही. रानससा मारणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे, पाळीव ससा पाळणे नाही. पकडलेले मांस किंवा कातडे 'पाळीव सशाचे आहे' हा बचाव सोपा असतो. कवटी मिळाली तर निवाडा करता येतो, कारण पाळीव सशाच्या कवटीच्या मागच्या बाजूला एक छोटे हाड आयुष्यभर सुटे राहते आणि प्रौढ रानसशात ते शेजारच्या हाडांना जुळून जाते. केसच हाती असेल तर डीएनएकडे जावे लागते. सरांच्या पुडीपुरते बोलायचे तर पंचक्रोशीत कोणी ससे पाळत नव्हते आणि केसांवर रानसशाचे पट्टे होते. म्हणून तो रानससा. पण यातला अर्धा पुरावा गावातून आला, केसातून नव्हे.

गोदावरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा

या पट्ट्यांकडे नीट पाहू. रानसशाच्या पाठीचा एक केस पांढऱ्या कागदावर ठेवला तर तो एकरंगी नसतो. मुळाशी फिका, मग गडद, त्यावर पिवळसर पट्टा आणि टोक काळे. असे हजारो केस एकत्र आले की अंगाला वाळलेल्या गवताचा आणि मातीचा मिश्र रंग येतो. केस वाढत असताना मुळातल्या रंगपेशी कधी काळे रंगद्रव्य बनवतात, कधी पिवळे. हा बदल घडवणारा एक जनुक आहे. त्याला अगूटी म्हणतात. त्याचे काम सुरू झाले की पिवळा पट्टा, थांबले की काळा.

पट्ट्यांचा केस सशाचाच असतो असे मात्र नाही. मुंगसाच्या केसावरही गडद-फिके पट्टे असतात आणि तो केस ताठ असतो. तो आपल्या चित्रकलेच्या तासापर्यंत येऊन पोहोचला होता, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. रंगकामाच्या ब्रशांसाठी मुंगसांची चोरटी शिकार वर्षानुवर्षे होत आली. त्याविरुद्ध वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने २०१९ साली 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाची देशव्यापी मोहीम काढली. ब्रशाच्या केसावर पट्टे दिसले तर कृत्रिम तंतूचा ब्रश मागून घ्यावा.

पुन्हा सशाकडे. आपल्या सशाचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा. फ्रेडरिक क्यूव्हिए यांनी १८२३ साली ते दिले. दक्षिण भारतातल्या सशाच्या मानेवर मागच्या बाजूस काळा डाग असतो आणि शेपटीची वरची बाजू काळी असते. उत्तर भारतातल्या सशाच्या मानेवर तो काळा डाग नसतो आणि शेपटी तांबूस असते. त्याला रूफिकॉडेटस, म्हणजे तांबड्या शेपटीचा, असे नाव १८२६ मध्ये मिळाले. दोन्ही पूर्वी निराळ्या प्रजाती मानल्या जात. आज त्या एकाच प्रजातीच्या उपजाती समजतात. जुन्या पुस्तकांत या दोघांमधली सीमारेषा ढोबळमानाने गोदावरी अशी दिलेली आढळते. ही नदी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या कोपरगावावरून जाते आणि पुढे जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. म्हणजे आपला जिल्हा या रेषेवरच बसला आहे.

पण नदी ओलांडली की ससा शेपटी बदलत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली ती खानदेशापासून. तिथे मिळालेल्या सशाला रॉटन यांनी १९१२ मध्ये लेपस सिमकॉक्सी हे नवे नाव दिले. पुढे महादेव डोंगरातला तो 'महादेवा', राजपुतान्यातला तो 'रजपूत', कच्छमधला तो 'कच्छेन्सिस' अशी नावे पडत गेली. ती बहुतांशी कातड्याचा रंग आणि कवटीची मापे पाहून दिलेली होती. हाती चार-सहा कातडी, त्यांतही ऋतूनुसार रंगाचा फरक, नावे वाढणारच. सिमकॉक्सी आज उपजाती म्हणून उरला आहे. रंग दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे हळूहळू बदलत जातो. त्यावर माणसाने आपल्या सोयीसाठी रेघा ओढल्या आहेत. मैदानात काम करणाऱ्या माझ्यासारखीला या नावांपेक्षा तो हळूहळू होणारा बदलच अधिक मोलाचा वाटतो.

या बदलाला कारण आहे. थरच्या वाळवंटातला ससा, उपजाती डायानस, फिकट वाळूच्या रंगाचा आहे. ओलसर दक्षिणेकडचा अधिक गडद. कोरड्या प्रदेशात फिके आणि दमट प्रदेशात गडद रूप, हा नियम अनेक प्राण्यांत दिसतो. आमच्या जिल्ह्यात एका टोकाला अकोले तालुक्यातला सह्याद्रीचा माथा धो धो पावसाचा आणि दुसऱ्या टोकाला कर्जत-जामखेडचा अवर्षणाचा माळ. दोन्हीकडच्या सशांच्या छायाचित्रांची तुलना, त्यांना हातही न लावता, हा एखाद्या शाळेला दोन वर्षे पुरणारा प्रकल्प आहे. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली स्थापन झाले. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. लोक तिथे काळवीट पाहायला जातात. संध्याकाळी गवताच्या कडेने चालले तर ससाही दिसतो.

भारतातले खरोखर वेगळे ससे पाहायचे तर हिमालयाकडे जावे लागते. लडाख आणि सिक्कीमच्या उंच पठारावर लोकरी ससा, लेपस ऑयोस्टोलस, राहतो. त्याच्या अंगावरची लव इतकी दाट आणि कुरळी असते की राठ केस तिच्यात बुडून जातात. तराईच्या उंच गवतात राहणारा कॅप्रोलॅगस हिस्पिडस नेमका उलटा. आखूड कान, गडद तपकिरी अंग आणि वरचे केस टोचावेत इतके राठ. दाट ओल्या गवतातून वाट काढताना ते ढालीसारखे कामाला येतात. आसामातले मानस, नेपाळातले शुक्लाफांटा अशा मोजक्या ठिकाणी तो उरला आहे आणि जागतिक यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. गवत जाळण्याची वेळ चुकली तर त्याला लपायला जागा उरत नाही.

याहून उत्तरेकडे, बर्फाच्या प्रदेशात, सशांची कोट बदलण्याची पद्धतच आहे. उत्तर अमेरिकेतला स्नोशू ससा हिवाळ्यात पांढरा, उन्हाळ्यात तपकिरी. हा बदल बर्फ पाहून होत नाही, दिवसाच्या लांबीवरून होतो. बर्फ उशिरा पडू लागला, तर काळ्या मातीवर पांढरा ससा बसलेला दिसतो आणि लगेच मारला जातो. तिथल्या समुद्रकिनाऱ्याकडच्या, जिथे बर्फ कमी, भागात काही ससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले की हे त्यांना अगूटी जनुकाच्या एका वेगळ्या रूपामुळे साधते, आणि ते रूप फार पूर्वी काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटशी झालेल्या संकरातून त्यांच्याकडे आले. आपल्या माळावरच्या सशाचा पिवळा पट्टा घडवणारा हा तोच जनुक.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र या सगळ्या लेपसांचे कणीस जवळपास सारखेच. रंग, लवेचे प्रमाण, जाडी यांवरून अंदाज बांधता येतो, पण एकट्या केसावरून 'हा लडाखचा, हा कर्जतचा' असे सांगणे धाडसाचे आहे.

मग डीएनए. केसाच्या मुळाशी पेशी चिकटलेल्या असतील तर पेशीकेंद्रातला डीएनए मिळतो. नुसत्या दांड्यातून बहुधा तंतुकणिकांमधला. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील वर्मा आणि लालजी सिंग यांनी २००३ मध्ये सायटोक्रोम बी या जनुकाचा असा तुकडा दाखवून दिला की त्यावरून असंख्य प्राण्यांची ओळख एकाच पद्धतीने पटते. वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासात ही पद्धत मोठी कामाची ठरली. पण ससे इथेही हुलकावणी देतात. स्पेनमधल्या काही सशांच्या तंतुकणिकांत उत्तरेकडच्या पर्वती सशाचा डीएनए सापडतो. हा पर्वती ससा हिमयुगानंतर त्या प्रदेशातून नाहीसा झालेला आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या संकराची खूण आईकडून मुलीकडे चालत आली. नुसती तंतुकणिका वाचली तर समोरच्या सशाचे नाव चुकते.

अकोल्याचा बिबट्या काय खातो?

केसांच्या ओळखीने काय साधते याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातल्या प्रवरेच्या खोऱ्यात, ऊस, भाजीपाला आणि दाट वस्ती असलेल्या भागात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांनी बिबट्यांची पाहणी केली. २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे. जंगल नाही, माणसे मात्र चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक. हे बिबटे जगतात कशावर? शेतकऱ्याचे उत्तर तयार असते, आमच्या शेळ्यांवर.

विष्ठेतल्या केसांनी वेगळे सांगितले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वजनाच्या हिशोबाने, बिबट्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचा निघाला. पण त्यात पहिला क्रमांक कुत्र्यांचा, ३९ टक्के. मांजरे १५ टक्के. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या सातपट असूनही फक्त ११ टक्के. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रे उकिरड्यावर मोकळे असते. बिबट्या गावात का येतो, याचे उत्तर उकिरड्यापाशी सापडते. एका शेळीचे नुकसान त्या कुटुंबाला फार मोठे असते, हे यातून कमी होत नाही. पण उपाय कोठे करायचा ते कळते.

असा हिशोब करताना दोन काळज्या घ्याव्या लागतात. बिबट्या अंग चाटतो, त्यामुळे त्याचे स्वतःचे केसही विष्ठेत येतात. ते वेगळे काढायचे. विष्ठा खरोखर त्याचीच याची खातरीही त्यांवरून होते. गीरच्या सिंहांवर आणि बिबट्यांवर झालेल्या कामातून १९९४ मध्ये असे सुचवले गेले की एका विष्ठेतले २० केस यदृच्छया उचलून तपासले तर पुरेसे होते.

दुसरी काळजी गणिताची. लहान प्राण्यात मांसाच्या मानाने केस जास्त. म्हणून 'किती विष्ठांत सापडला' एवढेच मोजले तर लहान प्राण्यांचा वाटा फुगतो. अमेरिकेत अ‍ॅकरमन आणि सहकाऱ्यांनी प्यूमांना मोजून खाऊ घालून १९८४ साली एक सूत्र मांडले. भक्ष्याचे वजन क्ष किलो असेल तर एका विष्ठेमागे खाल्लेले वजन १.९८ + ०.०३५ क्ष. वर्गात हे करून पाहा. शेळी २५ किलोची धरली तर उत्तर २.८५५ किलो, म्हणजे एका शेळीमागे सुमारे ९ विष्ठा. कुत्रे १५ किलोचे धरले तर २.५०५ किलो आणि सुमारे ६ विष्ठा. मांजर ३ किलोचे धरले तर २.०८५ किलो आणि दीडच्या आत. आता समजा, शेळीचे केस १८ विष्ठांत आणि मांजराचेही १८ विष्ठांत सापडले. शेळ्या दोन, मांजरे बारा! वजनात मात्र शेळ्या ५० किलो, मांजरे ३६ किलो. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ठरवल्याशिवाय टक्केवारी वाचण्यात अर्थ नाही.

वर्गात काय करता येईल

या प्रयोगासाठी रानटी प्राण्यांचे केस गोळा करू नयेत. कायद्यानेही ते अडचणीचे आहे. विष्ठा तर मुलांना मुळीच हाताळू देऊ नये, कारण तिच्यात फीतकृमींची अंडी असू शकतात. शेळी, म्हैस, कुत्रा, मांजर, पाळीव ससा आणि माणूस एवढे नमुने पुरतात. केस साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने धुवून वाळवावेत. काचपट्टीवर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, तो चिकट असतानाच त्यावर केस ठेवावा आणि वाळल्यावर चिमट्याने अलगद ओढून काढावा. खवल्यांचा ठसा उमटतो. गाभा पाहण्यासाठी केसाचे बारीक तुकडे करून ग्लिसरिनमध्ये ठेवावेत. अख्खा केस ठेवला तर गाभ्यातल्या हवेमुळे नुसती काळी पट्टी दिसते. तुकड्यांच्या टोकांतून ग्लिसरिन आत शिरते, हवा निघून जाते आणि कप्पे उघडे पडतात. थोडा वेळ थांबावे लागते. मुलांना ही हवा निघताना पाहायला आवडते. छेदासाठी केसांची जुडी मेणबत्तीच्या मेणात बसवून नव्या ब्लेडने पातळ काप काढावेत. ते काम शिक्षकांनीच करावे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाची ४०० पट वर्धनक्षमता या सगळ्याला पुरते.

सरांनी हे सारे केले. पाळीव सशाचा केस त्यांना तालुक्याच्या गावातून मिळाला आणि मुलांनी कणीस पाहिले. पुडीतले केस सशाचे होते एवढे त्यांनी गावात सांगितले. तो ससा कोणी मारला, कोल्ह्याने, रानमांजराने की गावातल्या कुत्र्यांनी, हे त्या केसांत लिहिलेले नव्हते. करडाचे काय झाले हेही नव्हते. बिबट्याने करडू नेले नाही, असेही त्यावरून सिद्ध होत नाही, हे एका नववीतल्या मुलीने सरांच्या आधी सांगितले. सरांनी तिला फळ्यावर बोलावून दोन रकाने आखायला लावले, केसाने सांगितलेले आणि आपण धरून चाललेले. दुसरा रकाना बराच लांब झाला म्हणे.